आयरिश पूर्वज अमेरिकेचा नागरिक कधी झाला? १७९० ते १९०६ मधला कागद शोधण्याचा क्रम

न्यू जर्सी, बोस्टन, शिकागोकडच्या कितीतरी मराठी घरांत आता आयरिश वंशाचे जावई आणि सुना आहेत. नातवंडांची वंशावळ लिहायला बसलं की मराठी बाजूची नावं कुलवृत्तांतातून किंवा गावच्या कागदांतून मिळतात. दुसऱ्या बाजूला मात्र ‘पॅट्रिक मर्फी, आयर्लंडहून आले, पुढे सिटिझन झाले’ एवढी एकच ओळ असते. ती पक्की करायला निघालेले बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. संकेतस्थळावर नाव टाकायचं, पहिला बरा वाटणारा कागद उचलायचा आणि ‘पाच वर्षांनी नागरिकत्व मिळतं’ हा आजचा नियम मागे लावून येण्याचं साल काढायचं. या पद्धतीने निघालेलं साल चुकीचं असतं आणि बऱ्याचदा माणूसही दुसराच असतो.

क्रम उलटा हवा. आधी येण्याची तारीख, मग त्या तारखेला लागू होणारा कायदा, मग कोर्ट, आणि नाव सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळला तर पुढचा कुचकामी ठरतो.

तयारी: शोधायला बसण्याआधी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर आडव्या ओळीत दशकं लिहा: १७९०, १८००, १८१० असं करत १९०० पर्यंत. प्रत्येक दशकाखाली तो माणूस कुठल्या राज्यात, कुठल्या काउंटीत (राज्यातल्या जिल्ह्यात) होता ते भरा. माहीत नसेल तिथे जागा रिकामी सोडा, अंदाज लिहू नका.

त्याखाली जन्मसाल (नेमकं नसेल तर ‘१८१२ ते १८१६’ असा पट्टा), व्यवसाय, बायकोचं नाव, लग्नाचं साल आणि सगळ्या मुलांची जन्मसालं व जन्मस्थळं लिहा. मुलांची जन्मस्थळं सगळ्यात कामाची. आयर्लंडमध्ये जन्मलेलं शेवटचं मूल आणि अमेरिकेत जन्मलेलं पहिलं मूल यांच्यामध्येच कुटुंबाचा प्रवास झालेला असतो. घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मस्थळ नोंदवणारी पहिली संघीय जनगणना १८५० ची. त्याआधीच्या जनगणनांत फक्त घरमालकाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे मिळतात.

सावध: बाप बरेचदा एकटा पुढे यायचा आणि एक-दोन वर्षांनी घरच्यांना बोलावून घ्यायचा. म्हणून मुलांवरून निघालेला पट्टा मागच्या बाजूने थोडा सैल ठेवा.

टप्पा १: येण्याची तारीख शक्य तितकी आवळा

जहाजांच्या संघीय प्रवासी याद्या १८२० पासून मिळतात. १८१९ च्या कायद्याने कप्तानाला यादी देणं बंधनकारक झालं. त्याआधी आलेल्याची यादी शोधण्यात रात्री घालवू नका. एखाद्या बंदराची वेगळी नोंद हाती लागली तर नशीब म्हणायचं.

१८२० नंतरही यादी नसण्याचं एक साधं कारण असतं: तो कॅनडातून आला. क्वेबेक किंवा न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला उतरायचं आणि तिथून चालत, बोटीने दक्षिणेला यायचं, हा स्वस्त मार्ग होता. कॅनडाच्या सीमेवरच्या नोंदी सुरू झाल्या १८९५ मध्ये. त्यामुळे व्हरमाँट, मेन, उत्तर न्यूयॉर्क इथे पहिल्यांदा दिसणारा आयरिश माणूस न्यूयॉर्क बंदराच्या यादीत नसेल तर नवल नाही.

१९००, १९१० आणि १९२० च्या जनगणनांत येण्याचं साल आणि नागरिकत्वाची स्थिती असे रकाने आहेत. ‘एन ए’ म्हणजे नागरिक झालेला, ‘पी ए’ म्हणजे पहिला कागद (नागरिक होण्याच्या इराद्याची घोषणा) काढलेला, ‘ए एल’ म्हणजे परका. १९२० मध्ये नागरिक झाल्याचं सालही विचारलं होतं. १८७० च्या जनगणनेत एकवीस वर्षांवरच्या पुरुष नागरिकांपुढे खूण आहे. न्यूयॉर्क राज्याच्या १८५५ च्या जनगणनेतही नागरिक होऊन मतदार झालेल्यांचा वेगळा रकाना होता, आणि लोक हीच जनगणना बघायची विसरतात.

पडताळा: जनगणनेतलं साल हा पुरावा नाही, इशारा आहे. दार उघडणाऱ्याने, कधी सुनेने तर कधी शेजारणीने, आठवेल ते सांगितलेलं असतं. दोन जनगणनांत चार-पाच वर्षांचा फरक आला तर दोन्ही सालं लिहून ठेवा.

टप्पा २: त्या तारखेचा कायदा लावा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १७९० ते १८०२ या बारा वर्षांत नियम चारदा बदलला. तुमच्या माणसाची येण्याची तारीख खालच्या कुठल्या घरात पडते ते बघा.

*क) स्वातंत्र्यापूर्वी आलेला.* आयर्लंडचा माणूस आधीच ब्रिटिश राजाचा प्रजाजन होता आणि वसाहतीही त्याच राजाच्या होत्या. त्यामुळे त्याला वसाहतीत वेगळं नागरिकत्व घ्यावं लागत नव्हतं. १७४० चा वसाहतींचा कायदा जर्मन वगैरे परक्यांसाठी होता, त्याच्या याद्यांत आयरिश नाव शोधणं फुकट. युद्धकाळात तो तिथेच राहिला आणि नव्या बाजूने उभा राहिला, तर राज्याबरोबर तोही नागरिक झाला. कागद निघालाच तर तो निष्ठेच्या शपथेच्या यादीत निघेल. पेनसिल्व्हेनियात अशा शपथा १७७७ च्या कायद्याने घेतल्या गेल्या.

इथे विल्यम ड्युएनचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. आयर्लंडमध्ये वाढलेला हा पत्रकार पुढे कलकत्त्यात वृत्तपत्र चालवत होता. कंपनी सरकारने त्याला तिथून हाकललं आणि तो फिलाडेल्फियात येऊन संपादक झाला. आपला जन्म अमेरिकेतलाच, म्हणून आपण नागरिकच, असं तो म्हणे. १८०१ मध्ये संघीय कोर्टात तो परका ठरला, कारण तो स्वातंत्र्याआधीच देश सोडून गेला होता आणि परतला थेट १७९६ मध्ये. म्हणून १७७६ च्या आसपासच्या माणसाबाबत जन्म कुठे झाला एवढं विचारून भागत नाही. त्या वर्षांत तो कुठे होता तेही बघा.

*ख) १७७६ ते मार्च १७९०.* राज्यागणिक वेगळा नियम. पेनसिल्व्हेनियात शपथ आणि एक वर्षाचा वास (वास्तव्य) पुरे होता. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या घटनेत मात्र परक्या सत्तेची निष्ठा ‘धार्मिक तसंच ऐहिक’ बाबतीत सोडण्याची शपथ होती. पोपला मानणाऱ्या कॅथलिक आयरिश माणसाला ती अडचणीची होती. या काळात न्यूयॉर्कमध्ये कॅथलिक पूर्वजाची नोंद सापडत नसेल तर हे कारण ध्यानात ठेवा.

*ग) २६ मार्च १७९० पासून २९ जानेवारी १७९५ पर्यंत.* देशात दोन वर्षं, राज्यात एक वर्ष, चांगली वर्तणूक, घटनेची शपथ. पहिला कागद नाही, थेट अर्ज. अट एकच पण मोठी: ‘स्वतंत्र गोरा माणूस’. आयरिश माणसाला ती आड आली नाही. याच शब्दांवर पुढे १९१० मध्ये मुंबईच्या भिकाजी बालसरा या पारशी व्यापाऱ्याचं नागरिकत्व न्यूयॉर्कच्या अपील कोर्टात टिकलं, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचं सर्वोच्च न्यायालयात गेलं.

*घ) २९ जानेवारी १७९५ पासून १८ जून १७९८ पर्यंत.* पाच वर्षांचा वास, आणि अर्जाच्या किमान तीन वर्षं आधी ‘नागरिक होण्याचा माझा इरादा आहे’ अशी घोषणा. हाच तो पहिला कागद. दोन कागदांची पद्धत इथून सुरू झाली.

*च) १८ जून १७९८ पासून १४ एप्रिल १८०२ पर्यंत.* चौदा वर्षांचा वास, त्यातली पाच त्या राज्यात, आणि घोषणा पाच वर्षं आधी. हा कायदा करणाऱ्यांना आयरिश मतं विरोधी पक्षाला जातील ही धास्ती होती. शिवाय आल्यावर अठ्ठेचाळीस तासांत नोंदणी सक्तीची झाली.

*छ) १४ एप्रिल १८०२ नंतर.* पुन्हा पाच वर्षं, तीन वर्षं आधी घोषणा, राज्यात एक वर्ष. २६ मे १८२४ पासून घोषणा आणि अर्ज यांतलं अंतर दोन वर्षांवर आलं. हा सांगाडा १९०६ पर्यंत टिकला.

आता सवलती बघा, कारण ‘पहिला कागद सापडतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा त्यांच्यामुळे असते. २९ जानेवारी १७९५ च्या आधीपासून राहणाऱ्यांना १८०२ च्या कायद्यानेही दोन वर्षांच्या वासावर नागरिकत्व दिलं. १७९५ ते १७९८ या घरातल्यांना एप्रिल १८०४ पर्यंत घोषणेविना अर्ज करता आला. चौदा वर्षांच्या काळात आलेल्यांना मार्च १८०४ च्या कायद्याने घोषणा माफ झाली. आणि १४ एप्रिल १८०२ ते १८ जून १८१२ या दरम्यान इथे असलेल्यांना १८२८ च्या कायद्याने हीच माफी मिळाली. म्हणजे १८०८ मध्ये आलेल्या माणसाचा १८२९ मधला अर्ज सापडला आणि घोषणा कुठेच नाही, तर शोध अपुरा राहिला असं समजू नका. घोषणा मुळात झालीच नसेल.

सावध: १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धात आयरिश लोक ब्रिटिश प्रजाजन म्हणून शत्रुदेशाचे ठरले आणि त्यांना संघीय मार्शलकडे हजेरी लावावी लागली. आधीच घोषणा केलेल्यांना जुलै १८१३ मध्ये वाट मोकळी झाली, बाकीचे तह होईपर्यंत थांबले. तुमचा माणूस तेव्हा अमेरिकेत असेल तर मार्शलच्या याद्या जरूर बघा. त्यांत वय, देशात किती काळ झाला, कुटुंबात किती जण, धंदा, आणि नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे का, हेही असतं.

आणखी एक बारकावा: मार्च १८१३ ते जून १८४८ या काळात पाच वर्षांच्या वासात एकदाही देशाबाहेर न जाण्याची अट होती. या काळात आईला भेटायला आयर्लंडला जाऊन आलेल्याचं साल पुढे सरकलेलं असू शकतं.

टप्पा ३: त्याच्या नावाचा कागद असायला हवा का, ते ठरवा

कागद नाही म्हणजे नागरिक नाही, असं नाही. खालच्या चार प्रकारांत कागद नसतो किंवा वेगळ्या रूपात असतो.

मुलं: बाप नागरिक झाला तेव्हा एकवीसच्या आत असलेली आणि अमेरिकेत राहणारी मुलं आपोआप नागरिक झाली. त्यांच्या नावाने काही निघत नाही, बापाचा कागद शोधा.

बायका: १० फेब्रुवारी १८५५ पासून नागरिकाशी लग्न झालेली, किंवा जिचा नवरा नंतर नागरिक झाला अशी बाई आपोआप नागरिक. १८५५ आधी लग्नाने हे होत नव्हतं, आणि स्वतः अर्ज करणाऱ्या बायका थोड्याच. घोषणा करून नवरा मधेच वारला, तर १८०४ च्या कायद्याने विधवेला आणि मुलांना फक्त शपथ घेऊन नागरिक होता येत होतं. अशी नोंद नवऱ्याच्या नावाखाली दडलेली असते.

लहानपणी आलेले: अठराच्या आत आलेला, एकविसाव्या वर्षाआधी तीन वर्षं इथे राहिलेला आणि एकूण पाच वर्षं झालेला माणूस १८२४ पासून घोषणा आणि अर्ज एकाच दिवशी करू शकत होता. त्याचा वेगळा पहिला कागद नसतो.

सैनिक: यादवी युद्धात सैन्यात भरती होऊन सन्मानाने सुटलेल्या, एकवीस वर्षांवरच्या परक्याला १७ जुलै १८६२ च्या कायद्याने घोषणा माफ आणि वास फक्त एक वर्षाचा.

पडताळा: त्याने मतदान केलं, म्हणून तो नागरिकच होता, असं धरलं आहे का? ते खोडा. विस्कॉन्सिन, इंडियाना, मिशिगन अशा राज्यांत नुसत्या पहिल्या कागदावर मत देता येत होतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली सरकारी जमिनीचा दावाही पहिल्या कागदावर लावता येई. मात्र ती जमीन शेवटी नावावर झाली असेल तर आनंदाची गोष्ट: नागरिकत्वाची प्रत त्या फाइलमध्ये लावावी लागत होती आणि ती फाइल नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये (अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात) आहे.

टप्पा ४: कोर्ट ठरवा

आता दशकांचा तो कागद पुढे घ्या. १९०६ पूर्वी नागरिकत्व देण्याचं काम शिक्का आणि कारकून असलेलं जवळपास कुठलंही नोंदी ठेवणारं कोर्ट करत होतं, मग ते संघीय असो, राज्याचं असो की काउंटीचं. न्यूयॉर्क शहरात तर मरीन कोर्टासारख्या छोट्या कोर्टातही रांगा लागत. माणूस सोयीचं कोर्ट निवडायचा, तुम्हाला सोयीचं वाटेल ते नव्हे.

घोषणा एका गावात आणि अर्ज दुसऱ्या गावात, हे नेहमीचं. बंदरावर उतरल्यावर पहिला कागद काढायचा, त्याची प्रत खिशात घेऊन कामाच्या मागे जायचं, आणि पाच वर्षांनी जिथे स्थिरावला तिथे अर्ज. १८१७ ते १८२५ मध्ये ईरी कालव्यावर खोदाई करणारा मजूर असेल, तर न्यूयॉर्क शहरापासून बफेलोपर्यंतच्या काउंट्या कालव्याच्या क्रमाने तपासा. राज्यात एक वर्ष राहण्याची अट असल्यामुळे अर्जाच्या आधीचं वर्ष तो त्या राज्यात होता, एवढं मात्र हक्काने मिळतं.

सावध: १९०६ पूर्वीच्या कागदांची एकत्र केंद्रीय नोंद नाही. वॉशिंग्टनला दुसरी प्रत पाठवण्याची पद्धत २७ सप्टेंबर १९०६ पासूनची. आजच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या वंशावळ विभागात शुल्क भरून १८४० चा कागद मागणारे लोक मला दर थोड्या दिवसांनी भेटतात. तिथे तो नाही. पैसे जातात, महिने जातात.

जायचं कुठे? संघीय कोर्टाचा कागद नॅशनल अर्काइव्ह्जच्या त्या भागातल्या शाखेत. काउंटी कोर्टाचा कागद काउंटी क्लार्ककडे, राज्याच्या अर्काइव्ह्जमध्ये किंवा स्थानिक इतिहास मंडळाकडे. पुष्कळ रजिस्टरांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मात्र त्यातली काही नावाने शोधता येत नाहीत, पान-पान उलटावं लागतं. ‘नो रिझल्ट्स’ दिसलं म्हणून ती काउंटी यादीतून कापू नका.

टप्पा ५: सूचीत नाव शोधा

न्यू इंग्लंडसाठी १७९१ ते १९०६ आणि न्यूयॉर्क शहरासाठी १७९२ ते १९०६ अशा दोन मोठ्या सूची आहेत. दोन्हींत संघीय, राज्य आणि स्थानिक कोर्टं एकत्र आहेत, आणि दोन्ही साउंडेक्स पद्धतीने लावलेल्या आहेत. म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे. केली कसंही लिहा, ‘के ४००’ येतो. मर्फीचा ‘एम ६१०’.

ही सोय आयरिश आडनावांना एका जागी दगा देते. ‘ओ’ब्रायन’ चा संकेत ‘ओ १६५’, पण ‘ओ’ गाळून नुसतं ‘ब्रायन’ लिहिलं की ‘बी ६५०’, तोच ‘बर्न’ चाही. ‘बर्न’ ला कारकुनाने ‘बर्न्स’ केलं की ‘बी ६५२’ होतो आणि माणूस वेगळ्या खणात जातो. ‘मॅकार्थी’ ‘एम २६३’ मध्ये, ‘कार्थी’ ‘सी ६३०’ मध्ये. आणि ‘ओ’ व ‘मॅक’ लावणं-काढणं एकाच माणसाच्या आयुष्यात दोनदा घडलेलं दिसतं. म्हणून बसण्याआधीच आडनावाची सगळी रूपं लिहून प्रत्येकाचा संकेत काढून ठेवा.

पडताळा: सूचीचं कार्ड मिळालं की थांबू नका. त्यावरून कोर्ट, खंड आणि पान घेऊन मूळ नोंद मागवा. मागताना ‘या नोंदीची सगळी पानं, मागची बाजू धरून’ असं स्पष्ट लिहा. साक्षीदाराची सही पुष्कळदा मागे असते.

टप्पा ६: कागद वाचा

लोकांचा समज असा की कागद जितका जुना तितकी माहिती कमी. इथे उलट आहे. १८०२ च्या कायद्याने नोंदणीत जन्मस्थळ, वय, कुठल्या राष्ट्राचा, कोणाशी निष्ठा, कुठून निघाला आणि कुठे राहणार, हे सगळं लिहायचं होतं. ती नोंदणी १८२८ मध्ये रद्द झाली. त्यामुळे १८२० च्या कागदात आयर्लंडमधली काउंटी, कधी गावही मिळून जातं, आणि १८५० च्या छापील फॉर्मवर नुसतं ‘आयर्लंड’ असतं, तेही कधीकधी ‘ग्रेट ब्रिटन’ म्हणून. १८२८ आधीचा माणूस असेल तर नोंदणीचं रजिस्टर वेगळं मागा. ते अर्जाच्या बांधणीत नसतं.

निष्ठा सोडताना राजाचं नाव घ्यावं लागत होतं, त्यावरून तारीख ताडता येते: २९ जानेवारी १८२० पर्यंत तिसरा जॉर्ज, २६ जून १८३० पर्यंत चौथा जॉर्ज, २० जून १८३७ पर्यंत चौथा विल्यम, पुढे राणी व्हिक्टोरिया. छापील फॉर्म संपेपर्यंत वापरले जायचे, म्हणून राजा मेल्यावरही थोडे दिवस त्याचंच नाव दिसेल. पण १८४० च्या कागदावर विल्यम दिसला तर तारीख चुकीची वाचली गेली आहे. मूळ पान पुन्हा बघा.

एक कल्पित नमुना घेऊ. न्यूयॉर्क, मरीन कोर्ट, २१ ऑक्टोबर १८४४. पॅट्रिक मर्फी, मजूर, ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या राणीची निष्ठा सोडतो. एकवीस वर्षांचा होण्याआधी तीन वर्षं इथे होतो, असं शपथेवर सांगतो. साक्षीदार मायकेल केली.

एवढ्यावरून काय मिळतं? लहानपणी आलेल्यांची वाट वापरली आहे, म्हणजे येताना तो अठराच्या आत होता. १८४४ मध्ये एकवीस पूर्ण, म्हणजे जन्म ऑक्टोबर १८२३ च्या आधीचा. पाच वर्षांचा वास, म्हणजे ऑक्टोबर १८३९ पर्यंत तो आलेला होता. घरची माहिती जन्म १८१५ आणि येणं १८३६ असं सांगत असेल, तर तो येताना एकवीसचा होता. मग हा मर्फी तुमचा नाही.

किंवा तो खोटं बोलला. ही शक्यता हसण्यावारी नेऊ नका. १८४४ हे अध्यक्षीय निवडणुकीचं साल, आणि महिना ऑक्टोबर. निवडणुकीआधी पक्षाचे लोक नवागतांना झुंडीने कोर्टात नेत, आणि पहिल्या कागदाची दोन वर्षं वाचवायला ही वाट सोयीची पडे. १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा प्रकार एवढ्या थराला गेला की काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. ऑक्टोबरच्या कागदावर तोच साक्षीदार आधीच्या आणि नंतरच्या दहा पानांवरही दिसतो का ते बघा. दिसला तर तो भाड्याचा साक्षीदार, त्याला पूर्वजाचा मित्र समजून कहाणीत घेऊ नका. आणि त्या कागदातल्या वयाला, वासाच्या वर्षांना निम्मंच वजन द्या.

टप्पा ७: हा तुमचाच माणूस का?

नाव आणि देश जुळणं म्हणजे काहीच जुळलं नाही. बोस्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये एकाच दशकात त्याच नावाचे ढीगभर लोक नागरिक झाले. नाव सोडून आणखी तीन धागे जुळल्याशिवाय वंशावळीत लिहू नका. धागे असे: व्यवसाय, रस्त्याचा पत्ता (त्या सालच्या शहर डिरेक्टरीशी ताडून), सही (मृत्युपत्र किंवा लग्नाच्या नोंदीशी ताडून, सहीऐवजी फुलीची खूण असेल तर तेही लिहा), जन्मसाल, आणि साक्षीदार. साक्षीदार नागरिक असावा लागे आणि अर्जदाराला काही वर्षं ओळखत असावा लागे. वासाचा पुरावा अर्जदाराच्या स्वतःच्या शपथेवर चालत नव्हता. म्हणून खरा साक्षीदार हा बरेचदा मेहुणा, घरमालक किंवा गाववाला असतो. त्याचा स्वतःचा कागद काढा. आयर्लंडमधल्या गावाचं नाव तुमच्या माणसाच्या कागदात नसेल, पण साक्षीदाराच्या कागदात असेल.

सावध: अर्जात घोषणेचं कोर्ट आणि तारीख दिलेली असते. तिथली घोषणा काढून दोन्हींवरची सही शेजारी ठेवून बघा. हे टाळल्यामुळे दोन वेगळ्या मर्फींचे कागद एकत्र शिवलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

टप्पा ८: काहीच सापडलं नाही तर

क्रमाने बघा: टप्पा ३ मधली आपोआप नागरिकत्वाची वाट, शेजारच्या काउंट्या, आडनावाची गाळलेली रूपं, ज्या भावाबरोबर तो आला त्याचा कागद, होमस्टेड फाइल, मतदार रजिस्टर, कारण काही ठिकाणी त्यात नागरिकत्वाचं कोर्ट आणि तारीख लिहून घेत, आणि पासपोर्टचा अर्ज, कारण नागरिक होऊन परदेशी निघालेल्याला पासपोर्ट मागताना नागरिकत्वाचा दाखला जोडावा लागत होता.

तरीही नाही, तर वंशावळीत असं लिहा: ‘१८७० च्या जनगणनेत नागरिक, अमुक काउंटीची १८५० ते १८७० ची रजिस्टरं पाहिली, नोंद नाही.’ कुठे पाहिलं ते लिहिलेलं असलं की पुढचा शोधणारा तिथूनच सुरुवात करेल. ‘बहुधा १८५५ च्या सुमारास’ असं लिहू नका. ते साल दोन वर्षांत चार संकेतस्थळांवर पक्कं होऊन फिरायला लागतं.

आणि हे सगळं आयरिश पासपोर्टच्या आशेने करत असाल, तर आधीच थांबा. त्यासाठी आयर्लंडमध्ये जन्मलेले आजी-आजोबा लागतात, किंवा तुमच्या जन्माआधीच परदेशी जन्म-नोंदवहीत नोंद झालेले आई-वडील. १८४४ च्या मर्फीचा तिथे उपयोग नाही.